केबलला हात लावून बघा

तिला ऑफिसात सगळे कात्रीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण फारसं पाठीमागेही नाही. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकत नव्हती. नखं कापायची असते तसली बारीक कात्री तिच्या ॲप्रनच्या खिशात कायम असे, आणि त्या कात्रीवरच तिचं पोट होतं. तांब्याच्या पातळ पट्टीचा केसभर तुकडा इथून उडवायचा, यंत्राच्या पडद्याकडे बघायचं, मग तिथे एक खाच मारायची, पुन्हा बघायचं. अँटेना करणं म्हणजे काहीतरी अगाध विद्या असेल अशा समजुतीने कुणी बघायला आलं की त्याचा हिरमोड ठरलेला. विद्या होती, नाही असं नाही. कंप्युटरवर सगळी आकडेमोड आधी झालेली असायची. पण कागदावर बेतलेला सदरा आणि अंगात चढवलेला सदरा यांत काय फरक असतो ते शिंप्याला विचारावं. उरलेलं काम कात्रीचंच.

त्या वर्षी तिच्या टेबलावर एक डबी होती. काडेपेटीहून थोडी मोठी. जिथे मोबाइलचा टॉवर नाही अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी, म्हणजे जंगलातल्या, डोंगरातल्या, समुद्रावरच्या माणसांसाठी. मोबाइलवर मजकूर लिहायचा, तो शेजारी ठेवलेल्या डबीत जाणार, आणि डबी तो टॉवर असला तर टॉवरला, नसला तर थेट उपग्रहाला देणार. म्हणजे तिघांशी तीन वेगळ्या सुरांत बोलायचं. तीन अँटेना ठेवायला डबीत जागा नव्हती, आणि कोंबल्या असत्या तरी एका स्वयंपाकघरातल्या तीन जावांसारखं त्यांनी एकमेकींचं काही धड होऊ दिलं नसतं. म्हणून पट्टी एकच, तिलाच अशा खाचा आणि वळणं द्यायची की तिने तिन्ही सूर धरावेत. जमलं की पडद्यावरच्या रेघेत तीन जागी तीन खोल खड्डे पडतात. सगळं जग खड्ड्यांच्या नावाने बोटं मोडतं. कात्रीबाई ते पडावेत म्हणून जीव टाकायची.

आणि एक गोष्ट ती सगळ्यांकडून घोकून घ्यायची. छोट्या अँटेनाचं अर्धं अंग पट्टीत असतं आणि अर्धं तिच्या खालच्या सर्किटच्या पाटीत. पाटी लहान पडली की ही बया हाताला लागेल त्याचा आधार घेते. मोजणीसाठी जोडलेली केबल तिथे असतेच. मग त्या केबललाच ती आपलं अंग करून घेते आणि तिच्या जोरावर गाते. पडद्यावर सगळं छान छान. केबल काढली की बोलती बंद. म्हणून मोजताना केबलवरून हात फिरवून बघायचा. रेघ जागची हलली नाही तर अँटेना खरी, हलली तर ती उसन्या अंगावर जगतेय. "केबलला हात लावलात का?" हे तिचं वाक्य ऑफिसात इतकं रुळलं होतं की कुणाचा चहा गार झाला तरी लोक एकमेकांना तेच विचारायचे.

तिचा नवरा मेकॅनिक होता. दोघांची गाठ पडली तीही मोजणीच्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतींना, छताला, दाराला आतून काळ्या स्पंजचे सुळके लावलेले असतात. लहरी त्यांत जिरतात आणि आवाजही जिरतो, तिथे माणसाला स्वतःचं बोलणंही परकं वाटतं. खोली थंड ठेवणारं यंत्र बिघडलं म्हणून हा आला होता. दुरुस्ती झाली तरी पाने-पकडी गोळा करायला त्याने फार वेळ लावला.

"इथे बोललेलं परत येत नाही वाटतं," तो म्हणाला.

"नाही येत."

"मग विचारूनच टाकतो."

आणि विचारलं. तिने मान हलवली. झालं लग्न. त्या मान हलवण्यावर त्याने पुढची कित्येक वर्षं काढली, कारण खडकाला पाझर फुटेल पण हिच्या तोंडून मनातला शब्द फुटायचा नाही, हे त्याला लवकरच कळून चुकलं. ती प्रेम करायची ते त्याच्या चपलेचा बंद न सांगता शिवून ठेवून, तो झोपला की पंख्याचा वेग कमी करून. त्याला ते समजायचं. पण समजणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं, आणि माणसाला कधीतरी ऐकायचंही असतं.

तो जिथे कामाला होता ते वर्कशॉप बंद पडलं आणि त्याने दूरच्या बेटावरच्या हवामान केंद्रावर वर्षभराचं काम धरलं. जनरेटर आणि वाऱ्या-पावसाची यंत्रं सांभाळायची. निघायच्या आठवडाभर आधी, एका संध्याकाळी तो बॅग भरता भरता म्हणाला, "वर्ष संपत आलं की ते पुढच्या दोन वर्षांचं विचारणार आहेत. पगार बरा आहे. काय सांगू गं त्यांना?"

तिच्या मनात जे उसळलं ते असं होतं: वर्षच मला डोंगराएवढं झालंय, वर दोन कुठली आणतोस? ती म्हणाली, "बघू तेव्हा. लिहून विचार."

लिहून विचारायला डबी होती ना. साहेबांनी चाचणीतली एक डबी त्याच्याबरोबर द्यायला परवानगी दिली होती, आणि ही अँटेना ती आपल्या हाताने करणार होती. त्या आठवड्यात ती खाली मान घालून कापत बसली. तिन्ही खड्डे असे पडले की साहेबसुद्धा खुर्ची ओढून बघायला आले. डबीची बॅटरी अजून आली नव्हती, म्हणून रबरी बुचाखालच्या भोकात कंप्युटरची वायर खुपसून तिने डबी चालू केली, टॉवरची वाट बंद ठेवून लॅपटॉपसकट गच्चीवर नेली आणि आकाशाकडे धरली. मजकूर उपग्रहाकडे गेला आणि परत आला. लहान पोरीसारखी ती जिने उतरली.

केबलला तिने हात लावला नव्हता. मोजताना नाही आणि गच्चीवरही नाही. का, ते सांगणं कठीण नाही. बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती, आणि आपल्याला हवं तेच पडद्यावर दिसत असलं की कुणाचा हात केबलकडे जातो? सकाळी बॅटरी आली, तिने ती बसवली, रबरी बूच घट्ट दाबलं आणि घरातूनच एक मजकूर पाठवून पाहिला. ओट्यावरचा तिचा फोन लगेच वाजला. वाजणारच. मोबाइलचा टॉवर गल्लीच्या तोंडाशी होता, तिथे खिळा धरला असता तरी तो बोलला असता.

निघताना तो दारात थांबला. चपला घातल्या, बॅग उचलली, परत खाली ठेवली. काही विसरलंय असं वाटावं इतका वेळ थांबला.

"डबी भिजू देऊ नकोस," ती म्हणाली.

"नाही देत," म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर शांतता. ती रोज लिहायची. आईंचा गुडघा बरा आहे. नळ गळत होता, दुरुस्त केला. गॅस बदलला. प्रत्येक मजकुरापुढे 'गेला' अशी खूण उमटायची. ती खूण उपग्रहाच्या कंपनीने मजकूर घेतला याची होती, डबीत पोचल्याची नव्हती. हे तिलाही माहीत होतं, पण माहीत असणं आणि आठवणं यांत अंतर असतं. उत्तर एकाचंही आलं नाही.

हवामान खात्याच्या कचेरीत आठवड्याला एकदा बेटाशी रेडिओवर बोलणं व्हायचं. घरच्यांना थेट बोलता येत नसे. वायरलेसवाला सगळ्यांचे निरोप पेन्सिलीने टिपून घ्यायचा, खणखणीत आवाजात तिकडे सांगायचा, आणि तिकडचं चार शब्दांत इकडे. ती जाऊन बसायची.

"सगळे ठणठणीत आहेत. तुमच्या घरची खुशाली विचारतायत," वायरलेसवाला म्हणायचा.

"रोज तर कळवते," ती पुटपुटायची. एकदा तिने विचारायला सांगितलं, "डबीचा दिवा लागतो का?"

"लागतो म्हणतात. हिरवा."

दिवा बॅटरीचा होता. पण तिने मनाशी हिशेब मांडला: डबी चालू आहे, म्हणजे मजकूर जातायत, म्हणजे हाच बोलत नाही. आपली अँटेना खोटी असेल असं तिच्या मनात आलंच नाही. नवऱ्यावरचा विश्वास डळमळला, कात्रीवरचा नाही. माणसाला आपल्या कसबाचा गर्व कुठे नेऊन सोडेल सांगता येत नाही.

घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंची जीभ कात्रीहून धारदार होती, पण सुनेवर जीव होता. "काय लिहितेस गं त्याला एवढं?" त्यांनी एकदा विचारलं. तिने वाचून दाखवलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "नळ, गॅस आणि माझा गुडघा! अगं, हे तर मी शेजारणीलाही सांगते. तो काय गुडघ्यासाठी परत येणार आहे?"

"त्याला कळतं, आई."

"कळतं, कळतं! मूग गिळून बसायचं आणि समोरच्याला कळतं म्हणायचं. त्याचा बापही असाच होता. शेवटपर्यंत मला कळलं नाही त्याला माझी भाजी आवडायची की नाही."

ती हसली, पण अंथरुणावर पडल्यावर तिला हसू येईना. त्याची उशी तिने काढून ठेवली नव्हती. हात आपोआप तिकडे जायचा आणि गार कापडाला लागायचा. त्याच्या घोरण्याला ती किती वैतागायची, आणि आता ते घोरणं ऐकायला मिळालं तर जन्मभर तक्रार करणार नाही, असं तिला अगदी मनापासून वाटे.

वर्ष सरत आलं. एके दिवशी वायरलेसवाला म्हणाला, "पुढच्या मुदतीचे कागद घेऊन बोट निघालीय. ज्यांना राहायचंय ते सही करतील, नाहीतर याच बोटीने घरी."

सासूबाईंनी तिला पुढच्या वेळी दारातून जवळजवळ ढकललंच. "सरळ सांग, ये म्हणून. दोन अक्षरंसुद्धा नाहीत गं, एकच आहे!"

रस्ताभर ती ते एक अक्षर तोंडात घोळवत गेली. कचेरीतली खोली भरलेली होती. एका स्वयंपाक्याची बायको कडेवर मूल घेऊन उभी, दोन म्हातारे बाकावर, पंख्याखाली कुणाचे तरी भाऊ. वायरलेसवाल्याने पेन्सिल कानावरून काढली. "बोला बाई, काय कळवू?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांत, परक्या पुरुषाच्या खणखणीत आवाजात, ते अक्षर समुद्रापार पाठवायचं?

"थंडी असेल," ती म्हणाली. "स्वेटर वापर म्हणावं."

वायरलेसवाल्याने टिपून घेतलं. घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं ताट वाढलं. बोट परतीला निघाली आणि तिच्यात तो नव्हता, हे पुढच्या खेपेला वायरलेसवाल्यानेच सांगितलं. "सही केली त्यांनी. दोन वर्षं." बाकावरच्या म्हाताऱ्याने अभिनंदन केलं.

ती कामाला जात राहिली. डबीचं पहिलं मोठं उत्पादन निघायचं होतं, तिचीच रचना, तशीच्या तशी. एका दुपारी ती नव्या डब्या मोजत होती. पट्टी तीच, पडद्यावर तेच तीन खड्डे. टेबलावरची फूटपट्टी घ्यायला केबल मध्ये येत होती, म्हणून तिने ती बाजूला धरली.

पडद्यावरची रेघ सरकली.

तिने हात काढला, रेघ जागेवर आली. पुन्हा धरली. दोन खड्डे घसरले आणि तिसरा, उपग्रहाचा, भरून सपाट झाला. ती केबल हातात धरून तशीच उभी राहिली. गच्चीवरची वायर, रबरी बूच, बेटावरचा हिरवा दिवा, सगळं एकदम समोर आलं. तो गप्प नव्हता. तो बोलत असणार. मजकूर मोबाइलवरून डबीत शिरला की त्याच्याकडेही 'गेला' अशी खूण उमटत असणार. तिनेच त्याच्या हातात मुकी डबी दिली होती.

साहेबांना "उत्पादन थांबवा, माझं चुकलंय" एवढंच सांगून ती ॲप्रनसकट कचेरीत धावली. रेडिओवर बोलायचा आठवड्याचा दिवस नव्हता. वायरलेसवाला डबा उघडून जेवायला बसला होता.

"आत्ता निरोप द्या," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणावं, डबीचं रबरी बूच काढ. कंप्युटरची वायर भोकात लाव. दुसरं टोक मोकळं लोंबत सोड. आणि उघड्या दारात बस."

"बाई, हा निरोप आहे की करणी?"

"द्या हो!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती परक्या माणसावर ओरडली असेल. वायरलेसवाल्याने हातातला घास डब्यात परत ठेवला.

ती घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. ती समोर बसली, फोन मध्ये ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग फोन वाजला. मग पुन्हा. मग थांबेचना. वर्षभर डबीत अडकून पडलेलं सगळं ओळीने येऊ लागलं, जुनं आधी.

"पोचलो. पोटात होतं नव्हतं ते समुद्राला दिलं. बाकी ठीक."

"इथला वारा तुझ्यासारखा आहे. दिवसभर काही बोलत नाही आणि एकदम दार आपटतो."

"जनरेटर सुरू केला. सगळे खूश. पण तू 'बरं झालं' म्हणतेस तसं कुणी म्हणालं नाही."

"आईचा गुडघा कसा आहे? तू काहीच कळवत नाहीस. डबी चालते ना? चालतच असणार, तुझ्या हातची आहे."

"रागावलीस का?"

"आज तुझा आवाज आठवायचा प्रयत्न केला. फक्त 'बघू' एवढंच आठवलं. तेही चालेल."

"कागद येतायत. राहू की येऊ? एकदाच सांग. ये म्हणालीस की बॅग भरतो."

"वाट बघतोय."

"बोट धक्क्याला लागली. रेडिओवर तुझा निरोप मिळाला. स्वेटर वापरतोय."

"बरं. समजलो. सही केली."

तिला पुढचं दिसेना. सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणतो?" तिने फोन त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, फोन परत दिला आणि पुन्हा मटार सोलायला घेतले.

फोन पुन्हा वाजला. हा आत्ताचा होता. "दारात बसलोय. वायर लोंबतेय, सगळे हसतायत. तुझं सगळं एकदम आलं. नळ, गॅस, गुडघा. वर्षभर लिहीत होतीस?"

"रोज," तिने लिहिलं.

"मला वाटलं, तुला काही सांगायचंच नाहीये."

"मलाही तुझ्याबद्दल तेच वाटलं." तिने पुढे लिहिलं. "चूक माझी आहे. मोजताना मी केबलला हात लावला नाही. डबीला वायरीशिवाय बोलता येत नव्हतं. मी जगाला शिकवते आणि मीच बघितलं नाही. तुझं एकही अक्षर मला मिळालं नव्हतं रे."

उपग्रहाला वेळ लागतो. ती पडद्याकडे बघत राहिली.

"केबलचं राहू दे," त्याचं उत्तर आलं. "निघताना मी तुझ्यासमोर दारात उभा होतो. तेव्हा मध्ये कुठली केबल होती?"

तिने फोन जवळ ओढला. लिहिलं, पुसलं. आणखी लिहिलं, तेही पुसलं. मग लिहिलं, "ये."

"कागद बोटीबरोबर गेला. आता दोन वर्षं सुटका नाही."

"माहीत आहे. तरी ये."

या वेळी इतका उशीर झाला की वायर निसटली असेल, त्याला कुणी कामाला बोलावलं असेल, असं तिला वाटलं. तिने फोन हातात घट्ट धरला होता, जणू धरल्याने काही लवकर येणार होतं.

"पुन्हा म्हण," एवढंच आलं. "मी उठत नाही इथून."

तिने लिहिलं. आणि लिहिता लिहिता तिच्या तोंडून ते मोठ्याने निघालं, स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या समोर, "ये ना रे." सासूबाईंचा हात शेंगेवर थांबला. त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "अजून लिही. लिहीत राहा. मटार मी बघते."